गवळाऊ गोधन आणि डोंगरचे कुरण

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले म्हणजे कोंढाळीच्या पुढे जमिनीचा रंग पालटू लागतो. कपाशीची काळी राने मागे पडतात आणि मुरमाड उतार, त्यावर साग, धावडा, सालई, पळस यांची विरळ झाडी व मधूनमधून गवताळ माथे दिसू लागतात. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे), आर्वी व आष्टी हे तालुके, त्यांना लागून असलेला नागपूर जिल्ह्यातील काटोलकडील भाग आणि सातपुड्याच्या अंगाने मध्य प्रदेशातील छिंदवाडा व शिवनी हे जिल्हे, हा सारा टापू गवळाऊ गोवंशाची मायभूमी होय. या टेकड्यांवर पिढ्यान्पिढ्या गुरे राखणाऱ्या गवळी समाजावरूनच या जातीस हे नाव पडले. नंदाच्या गोकुळाशी आपले नाते सांगणारी नंदगवळी कुटुंबे आजही या पट्ट्यात आहेत व त्यांपैकी अनेकांचा संसार कळपावरच चालतो.

गवळाऊ जनावर ओळखण्यास कठीण नाही. गाय बहुधा पांढरीशुभ्र असते. वळूच्या मानेवर, वशिंडावर व मागील चौकावर राखी छटा उतरते. डोके लांबट व अरुंद, कपाळ वरच्या अंगास मागे कललेले, शिंगे आखूड व बोथट, पोळी मोठी आणि अंगकाठी उंच व हलकी. पूर्ण वाढलेल्या गायीचे वजन सुमारे ३४० किलो व वळूचे सुमारे ४३० किलो भरते. दूध बेताचेच, एका वितात सरासरी ६०० किलोच्या आसपास. परंतु या जातीचे मोल दुधाच्या भांड्यात मोजले जात नसे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या काळी जलद वाहतुकीसाठी हे बैल वापरले जात असे सांगतात. पुढे नागपूरकडील रेंगीला जुंपलेली गवळाऊ जोडी दुडक्या चालीने मैलोगणती न थकता जात असे. डोंगरात चरून, दगडाधोंड्यांतून चालून ज्याचे खूर टणक झाले असा गोऱ्हा, हेच या कळपाचे खरे उत्पन्न होते.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. गवळाऊचे रूप आंध्रातील ओंगोल जातीशी पुष्कळ मिळतेजुळते आहे. त्याच ओंगोलची जनावरे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत ब्राझील देशात नेण्यात आली. यातील अखेरची मोठी आयात १९६२ साली झाली. तेथे ‘नेलोरे’ या नावाने तिचा एवढा विस्तार झाला की त्या देशातील मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांचा ती कणा ठरली. म्हणजे जवळजवळ एकाच बांध्याचे जनावर एका देशात कुरणावर मांसासाठी वाढविले जाते व दुसऱ्या देशात औतासाठी. दोन्हीकडे कुरणाचे शास्त्र मात्र एकच आहे. गवताचे रूपांतर वासराच्या वाढीत करावयाचे आणि तेही विकतचे खाद्य शक्य तितके कमी घालून, हा त्याचा गाभा.

डोंगरपायथ्याच्या कुटुंबाचे वर्ष गवताबरोबर फिरते. मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की उतारावर हिरवळ दिसू लागते आणि उन्हाळ्यात हाडे निघालेला कळप तिकडे ओढ घेतो. आखरावर जमलेली गुरे गायकी डोंगरास लावतो व सायंकाळी कोठ्यावर परत आणतो. श्रावण-भाद्रपदात गुरांची कातडी तकाकते, गायी माजावर येतात, खव्याची भट्टी लागते. पोळ्याच्या सुमारास कोणाही पाहुण्यास वाटावे की या डोंगरावर आणखी दुप्पट गुरे सहज पोसली जातील. कळपाची गणती करताना मोठी चूक होते ती याच दिवसांत. श्रावणातले गवत पाहून कालवडी राखल्या जातात आणि त्यांना उपाशी राहावे लागते ते चैत्र-वैशाखात.

या उतारांवर पवन्या, शेडा, मारवेल ही उत्तम गवते आहेत. त्यांच्या जोडीला कुसळी आणि पाणथळ कडांना इतर हलकी गवते. चराई मर्यादेत असली तर पहिली तीन टिकून राहतात. गवत वीतभर होण्यापूर्वीच त्यावर गुरे सोडली आणि असे वर्षानुवर्षे चालू राहिले म्हणजे गोड गवताची ठोंबे मुळापासून क्षीण होतात, कुसळी पसरते, आणि तीही गेली की तरोटा व घाणेरी उरते. तरोट्याने हिरवागार दिसणारा माळ गुरांच्या दृष्टीने ओसाडच असतो. कुसळीचे तर दोन चेहरे आहेत. फुलोऱ्यापूर्वी ती गुरे आवडीने खातात. पण बी पक्व झाले की तिची टोकदार कुसळे जनावराच्या तोंडात, जिभेत, कातडीतही शिरतात. नवे कोवळे फुटवे मिळावेत म्हणून फाल्गुनात वणवा लावण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते, ती या कुसळीच्याच पथ्यावर पडते. आगीत सुकलेला चारा जातो, पडलेले पान जाते, उतार उघडा पडतो आणि पहिल्या वळवाबरोबर माती नाल्यास लागते. चार दिवसांच्या कोवळ्या फुटव्यासाठी मोजलेली ही किंमत फार मोठी आहे.

मागील चार-पाच दशकांत परिस्थिती तीन बाजूंनी बदलली. पूर्वी विदर्भात ज्वारीचा पेरा विपुल होता व कडब्याच्या गंजी प्रत्येक कोठ्यामागे उभ्या असत. सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनचे कुटार मिळते, परंतु ते कडब्याची जागा पूर्णपणे भरून काढीत नाही. दुसरी बाब जंगलाची. बोर अभयारण्य १९७० साली जाहीर झाले व २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. उत्तरेस पेंच येथे महाराष्ट्राचा व्याघ्र प्रकल्प १९९९ साली झाला. वन्यजीवांचे रक्षण अगत्याचे आहेच, पण त्यामुळे जुनी चराईची राने आकसली हेही तितकेच खरे. तिसरी बाब ट्रॅक्टरची. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक होते तोवर कळपातील नर वासरे दोन-तीन वर्षांची होताच आपोआप बाहेर पडत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस आणि २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी आहे. सबब म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नव्या जोडीच्या किमतीचा काही भाग उभा करण्याची जुनी वाट राहिली नाही. ज्या जनावराचे काम संपले तेही कोठ्यावरच राहते व त्याच गवतात वाटेकरी होते.

परदेशांतील डोंगरी गोपालनाचे अनुकरण करताना हा फरक ध्यानात ठेवावयास हवा. आल्प्स पर्वतातील शेतकरी उन्हाळ्याच्या आरंभी गुरे उंच कुरणांवर नेतो व शरदात खाली आणतो. ज्यादा जनावरे त्या वेळी खाटकाकडे जातात आणि हिवाळ्यास सामोरा जाणारा कळप चाऱ्याच्या बेताचा होतो. आपणाकडे ही कात्री नाही. म्हणून संख्येचा विचार जनावर जन्मास येण्यापूर्वीच करावा लागतो.

तथापि आल्प्समधीलच एक जुना नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. स्वित्झर्लंडच्या वाले परगण्यात टोर्बेल नावाचे खेडे आहे. तेथील गावकऱ्यांनी १५१७ सालीच असा ठराव केला होता की, ज्याला जितक्या गायी हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच त्याने सामाईक कुरणावर पाठवाव्यात. सामाईक मालमत्तेच्या अभ्यासासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी या गावाचे उदाहरण आपल्या ग्रंथात आवर्जून दिले आहे. आपल्याकडील अवघड काळ हिवाळ्याचा नसून माघअखेरपासून आषाढाच्या आरंभापर्यंतचा आहे, एवढाच बदल करावा. उन्हाळ्यात घरच्या चाऱ्यावर जितकी गुरे तगतील तितकीच पावसाळ्यात डोंगरावर असावीत.

हा हिशेब करणे सोपे आहे. मध्यम गायीस वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे ३४० किलोच्या गवळाऊ गायीस दररोज साधारण ८ ते ८.५ किलो कोरडा चारा लागतो. अवघड काळ १२० दिवसांचा धरला तर एका मोठ्या जनावरास सुमारे १ टन चारा हाताशी हवा. दोन लहान वासरे मिळून एक मोठे जनावर समजावे. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाकडे लहानमोठी मिळून २० मोठ्या जनावरांइतकी गुरे आहेत असे समजू. घरचे सोयाबीन, तूर व हरभरा यांचे कुटार, थोडा कडबा व रामटेक-मौदा भागातून आणलेले धानाचे तणस मिळून ८ टन, कापून ठेवलेले गवत ४ टन आणि डोंगरावर उभे सुकलेले, चरण्याजोगे गवत २ टन, अशी एकूण १४ टनांची बेगमी झाली. वीस तोंडे चौदांचे अन्न खातात. प्रत्येकाच्या वाट्यास सहा किलोंहून कमी येते. त्यात जीव राहतो, पण गाय माजावर येत नाही. परिणामी वेत वर्ष-सव्वा वर्षाऐवजी दोन-दोन वर्षांनी येते. अशा कळपातून वर्षाकाठी जेवढी वासरे मिळतात, तेवढी किंबहुना त्याहून अधिक वासरे चौदा जनावरांचा पोटभर जेवलेला कळप देऊ शकतो. १९२८ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही कृषी आयोगाने हेच दुष्टचक्र दाखवून दिले होते. गुरे जितकी निकृष्ट, तितकी ती अधिक पाळण्याकडे शेतकऱ्याचा कल होतो. आणि जितकी अधिक, तितकी ती आणखी निकृष्ट होतात.

संख्या कमी करणे नको असेल तर चारा वाढविण्याची वाट उरते आणि तिला पहिले स्थान गवत कापण्यास द्यावे लागेल. आपल्याकडे गवत कापतात ते कार्तिक-मार्गशीर्षात, ते पिवळे पडून बी झडल्यावर. तोवर त्यातील प्रथिने फुलोऱ्याच्या वेळच्या निम्म्याहूनही कमी झालेली असतात. गवत निम्मे फुलोऱ्यात असताना, म्हणजे भाद्रपदअखेर ते आश्विनात उघडीप साधून कापावे, दोन-तीन दिवस उलटेपालटे करून वाळवावे आणि उंचवट्यावर गंजी रचावी. अडचण अशी की नेमके याच पंधरवड्यात सोयाबीनची सोंगणी येते व मजूर मिळत नाही. अडचण खरीच आहे आणि तिच्यावर सर्वांना लागू पडेल असा तोडगा नाही. ज्या वाड्यांत अजून इर्जिकीची चाल आहे तेथे प्रत्येक घरासाठी दोन दिवस ठरवून घेतल्यास काम उरकते. अन्यत्र निदान घराजवळच्या एका तुकड्याचे गवत तरी वेळेवर कापावे. एका तुकड्याचे चांगले गवत व्यालेल्या गायींस व वासरांस राखून ठेवावे आणि कोरड्या गायींस कुटार घालावे.

गव्हाचा भुसा व धानाचे तणस यांची पौष्टिकता युरिया प्रक्रियेने वाढते. १०० किलो तणसास ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडावा, तुडवून हवाबंद झाकावे आणि २१ दिवसांनी उघडावे. खाऊ घालण्यापूर्वी थोडा वेळ पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांस हा चारा देऊ नये आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागणार नाही याची सक्त दक्षता घ्यावी. त्याने जनावर दगावते.

कुरणाचे चार भाग करून दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवावा व उरलेल्या तीन भागांत गुरे पाळीपाळीने फिरवावीत, ही पद्धत जुनीच व बिनखर्चाची आहे. राखलेल्या भागात मृगाच्या पावसाबरोबर स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी फेकावे. या बियाचे कवच टणक असल्याने ते ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून, सुकवून मगच पेरावे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात चराईबंदी करून गवत विळ्याने कापून नेण्याचा नियम केला आणि उघड्या टेकड्या पुन्हा गवताने झाकल्या. मात्र तो नियम एका कुटुंबाने पाळून भागत नाही. डोंगर सामाईक आहे. एकाने राखलेला तुकडा दुसऱ्याची गुरे रात्रीतून फस्त करतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. ज्या गावांना असा हक्क मिळाला आहे किंवा ज्यांच्याकडे गायरान आहे, तेथे ग्रामसभेने बंद भागाची सीमा, उघडण्याची तिथी आणि घरटी गुरांची मर्यादा हे तीनही विषय एकाच बैठकीत ठरवावेत. यांपैकी तिसरा विषय टाळला तर पहिल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

आता वळूविषयी. डोंगरात चरणाऱ्या कळपात फळवण बहुधा नैसर्गिकच होते आणि जो खोंड आधी वयात येतो तो बाप ठरतो. त्यात निवड कोठेच नसते. चाळीस ते पन्नास गायींमागे एक निवडक वळू पुरतो. इतर खोंडांचे वयात येण्यापूर्वीच पशुवैद्यकाकडून चिमट्याने खच्चीकरण करून घ्यावे. आपल्याच लेकीस बाप फळवील अशी वेळ येऊ नये म्हणून दर तीन वर्षांनी वळू बदलावा. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर शुद्ध गवळाऊ कळप सांभाळला जातो. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला व जमनालाल बजाज यांनी फेब्रुवारी १९४२ मधील निधनापर्यंतचे आपले अखेरचे महिने या कार्यास वाहिले. स्थानिक गाय निवडीनेच सुधारावी हा आग्रह या जिल्ह्यास तेव्हापासून परिचित आहे. पुढे झपाट्याने दुधाच्या मागे लागून अनेकांनी गवळाऊवर जर्सी व होल्स्टिनचा संकर केला. संकरित गाय गोठ्यात दावणीला बांधून, ढेप व हिरवा चारा घालून दूध देते, यात शंका नाही. पण नवतपाच्या उन्हात तिला डोंगर चढावयास लावणे ही तिच्यावर व मालकावर सारखीच आपत्ती आहे. ज्याच्यापाशी ओलिताची जमीन आहे त्याने तो धंदा करावा. डोंगरच्या कळपात ते रक्त आणू नये. गावात राहणाऱ्या दुभत्या गवळाऊ गायींस लिंगनिश्चित रेतमात्रा वापरता येतील. त्यांपासून सुमारे ९० टक्के कालवडी होतात व ज्यादा गोऱ्ह्यांचा प्रश्न तेवढ्यापुरता हलका होतो. डोंगरात सोडलेल्या गायींचा माज वेळेवर कळत नसल्याने तेथे या उपायाचा फारसा भरवसा धरता येत नाही.

रोगांच्या बाबतीत एक भय कायमचे गेले. कळपच्या कळप साफ करणारी बुळकांडी २०११ साली जगातून निर्मूल झाल्याचे जाहीर झाले. त्या जागी नवा लम्पी चर्मरोग आला व २०२२ साली महाराष्ट्रभर पसरला. त्याची लस दरवर्षी द्यावी. घटसर्प व फऱ्या या दोन्ही रोगांच्या लसी मृग लागण्यापूर्वीच टोचून घ्याव्यात, कारण कळप एकदा डोंगरावर गेला की सर्व गुरे एके दिवशी हाती लागत नाहीत. लाळ्या-खुरकूताची लस सहा महिन्यांच्या अंतराने वर्षातून दोनदा द्यावयाची असते. पहिल्या कोवळ्या गवतावर उपाशीपोटी गुरे सोडल्यास पोटफुगी व हगवण होते. सकाळी मूठभर कुटार घालून मगच सोडावीत.

राहता राहिला गोऱ्हा. त्याचे भवितव्य पहिल्या चार महिन्यांतच ठरते. गाय दूध कमी देते म्हणून सडातले शेवटचे थेंबही काढून घेतले आणि वासरू दोरीस बांधून ठेवले, तर तीन वर्षांनी बाजारात उभा राहणारा बैल खुजाच असणार. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक, पहिले दोन महिने वजनाच्या एकदशांश दूध, दहाव्या-बाराव्या दिवशी जंताचे औषध आणि नंतर हळूहळू कोवळे वाळले गवत, एवढे झाले तर हे वासरू पुढील वाढ डोंगरच्या चाऱ्यावर करून घेते. चौथ्या महिन्यापूर्वी त्यास कळपाबरोबर लांब चालवू नये. अडीच ते तीन वर्षांचा झाला की हलक्या कामास जुंपून शिकवावा. मुरमाड, उताराच्या व लहान तुकड्यांच्या रानात डवरणीस ट्रॅक्टर जात नाही. तेथे बैलास अजूनही काम आहे. विदर्भातील शंकरपट सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २०१४ साली बंद पडला होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यास सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. तेव्हापासून चपळ गवळाऊ गोऱ्ह्यास पुन्हा मागणी दिसते. पटाच्या नादाने मात्र सर्वच गोऱ्हे पटाचे निघतील अशी आशा धरून कळप वाढविणे धोक्याचे. पटास शंभरातला एखादा लागतो, शेतीस उरलेले.

गोऱ्ह्याची किंमत करताना गिऱ्हाईक दात, खूर व चाल पाहतो, त्याचप्रमाणे त्याच्या आईची चौकशीही करतो. पुष्कळ घरांत हे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते व त्यांच्याबरोबरच जाते. प्रत्येक गायीचे नाव, वेताची तिथी, कोणत्या वळूपासून वासरू झाले आणि आषाढ लागताना गुरांची स्थिती कशी होती, एवढे चार रकाने असलेली एक साधी वही कोठ्याच्या आढ्यास टांगून ठेवावी. शाळेत जाणारे मूल ती भरू शकते. पुढील वर्षी कोणती कालवड राखावी व कोणती विकावी, याचा निर्णय अक्षय्य तृतीयेस त्या वहीवरून व गंजीकडे पाहून घ्यावा. श्रावणात घेऊ नये.